आईच्या डोळ्यांसाठी डॉक्टर झालेला मुलगा

फिलिपाईन्सचे राष्ट्रपुरुष डॉ. होसे रिझाल यांनी कधी सशस्त्र लढा दिला नाही. सशस्त्र उठावाला तर त्यांचा उघड विरोध होता. तरीही स्पेनच्या सत्तेला सर्वांत जास्त धास्ती वाटली ती त्यांचीच. त्या धास्तीची किंमत त्यांनी प्राण देऊन चुकवली आणि त्यांच्या आईवडिलांनी, भावाने व बहिणींनी आयुष्यभर!

मनिला शहराच्या दक्षिणेला, एका विस्तीर्ण सरोवराच्या काठी कालाम्बा नावाचे गाव होते. या गावातल्या एका सुखवस्तू घरापुढे एके दिवशी शिपाई येऊन उभे राहिले. त्यांनी घरच्या मालकिणीला, दोन्या तेओदोरा यांना, ताब्यात घेतले. नात्यातल्याच एका स्त्रीवर विषप्रयोग करण्याच्या कटात त्या सामील होत्या, असा आरोप होता. आरोपाला आधार काहीच नव्हता. पण या कुटुंबावर गावच्या अधिकाऱ्यांचा राग होता आणि तेवढे कारण त्या काळी पुरेसे होते.

तेओदोरांना कालाम्बाहून प्रांताच्या तुरुंगापर्यंत पायी नेण्यात आले. अंतर सुमारे ५० किलोमीटर. पुढे खटला रेंगाळत राहिला आणि निर्दोष ठरून घरी परतायला त्यांना अडीच वर्षे लागली. ज्या बाईने आपल्या मुलांना स्वतः अक्षरओळख करून दिली, ज्या बाईच्या घरातला ग्रंथसंग्रह आसपासच्या गावांत प्रसिद्ध होता, तिला एखाद्या गुन्हेगारासारखे रस्त्याने चालवत नेले गेले. तिचा मुलगा होसे तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. १९ जून १८६१ ला जन्मलेला होसे अकरा भावंडांमधला सातवा. आईची ती पायपीट तो जन्मभर विसरला नाही.

पाद्र्यांचे राज्य

फिलिपाईन्सवर स्पेनची सत्ता १५६५ पासून होती. देशाचे नावसुद्धा स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यावरून पडलेले. मनिलात गव्हर्नर जनरल बसत असे, पण गावोगावी खरा अंमल चाले तो स्पॅनिश मठवासी पाद्र्यांचा. कोणाला शाळेत घ्यायचे, कोणावर सरकारने नजर ठेवायची, हे पाद्र्यांच्या शब्दावर ठरे. मोठमोठ्या जमिनीही मठांच्या मालकीच्या होत्या. रिझाल कुटुंब सधन होते खरे, पण त्यांची उसाची आणि भाताची शेती डॉमिनिकन मठाच्या जमिनीवर होती. म्हणजे एवढे मोठे घर, पण अखेर ते मठाचे कूळच!

१७ फेब्रुवारी १८७२ रोजी मनिलात गोमेझ, बुर्गोस आणि सामोरा या तीन फिलिपिनो धर्मगुरूंना जाहीररीत्या गळफास देऊन मारण्यात आले. देशी धर्मगुरूंना स्पॅनिश पाद्र्यांच्या बरोबरीचा मान मिळावा, एवढीच त्यांची मागणी. काविते येथील सैनिकांच्या बंडाचा ठपका त्यांच्यावर ठेवण्यात आला. होसेचा थोरला भाऊ पासियानो हा यांपैकी बुर्गोस यांच्या घरी राहून शिकत होता. साहजिकच ‘मेर्कादो’ हे त्याचे आडनाव सरकारच्या डोळ्यांवर आले. म्हणून त्याच वर्षी धाकट्या होसेला मनिलाच्या शाळेत घालताना कुटुंबाचे दुसरे आडनाव लावले गेले : रिझाल. मुलाला संकटापासून दूर ठेवण्यासाठी दिलेले हेच नाव पुढे सरकारने सर्वांत जास्त धसका घेतलेले नाव ठरले.

दोन भावांचा करार

होसे अत्यंत हुशार होता. कविता लिहायचा, चित्रे काढायचा, मूर्ती घडवायचा. पण आईची दृष्टी हळूहळू मंद होत चालली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. होसेने वैद्यकशास्त्र निवडले, डोळ्यांचा डॉक्टर व्हायचे ठरवले, ते मुख्यतः यासाठी.

मनिलातल्या विद्यापीठात फिलिपिनो विद्यार्थ्यांना मिळणारी वागणूक त्याला असह्य झाली. तेव्हा दोन्ही भावांनी मिळून एक बेत रचला. धाकट्याने युरोपात जायचे, शिकायचे, देशासाठी काम करायचे. थोरल्याने घरी राहून शेती आणि आईवडील सांभाळायचे. ३ मे १८८२ रोजी होसे बोटीत बसला. आईवडिलांना आधी काही कळू दिले नव्हते. त्यांनी नकार दिला असता तर त्याचा पाय निघाला नसता!

पुढची कितीतरी वर्षे पासियानो शेतीच्या उत्पन्नातून त्याला पैसे पाठवत राहिला. उसाला भाव मिळाला नाही की माद्रिदमध्ये होसेचे जेवण कमी होई. एका भावाचे नाव जगभर झाले. दुसऱ्याने ते नाव घडवायला आपले तारुण्य दिले. घराघरांतून अशी माणसे असतात, इतिहासाच्या पुस्तकात मात्र ती क्वचितच सापडतात.

माद्रिदमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन रिझाल पॅरिसला गेले. तिथे लुई द वेकर या नामवंत नेत्रतज्ज्ञाच्या हाताखाली त्यांनी शस्त्रक्रियेचे धडे घेतले. नंतर जर्मनीत हायडेलबर्ग येथे ओटो बेकर यांच्याकडे अभ्यास केला. दिवसा रुग्णांचे डोळे तपासायचे आणि रात्री एक कादंबरी लिहायची, असा त्यांचा क्रम होता.

हात लावायला कोणी धजेना

ही कादंबरी म्हणजे ‘नोली मी तान्गेरे’. लॅटिनमधल्या या शब्दांचा अर्थ, ‘मला स्पर्श करू नका’. ज्या सामाजिक दुखण्याला हात लावायला कोणी धजत नव्हते, त्यालाच रिझाल यांनी हात घातला होता. युरोपातून शिकून आलेला एक तरुण आपल्या गावात शाळा बांधू पाहतो आणि पाद्र्यांचे वैर ओढवून घेतो, असे तिचे कथानक. मुलांवर चोरीचा आळ आल्याने वेडी होऊन रानोमाळ भटकणारी सिसा नावाची आईही त्यात आहे. सिसाला शिपाई गावातून चालवत नेतात, तो प्रसंग वाचताना तेओदोरांची ती पायपीट आठवल्याशिवाय राहत नाही.

कादंबरी पूर्ण झाली, पण छापायला पैसे नव्हते. बर्लिनच्या कडाक्याच्या थंडीत रिझाल अर्धपोटी राहत होते. मॅक्सिमो व्हियोला हा मित्र वेळेवर धावून आला. त्याने दिलेल्या ३०० पेसोंवर १८८७ च्या मार्चमध्ये २,००० प्रती छापल्या गेल्या. मनिलात पुस्तकावर बंदी आली. मग ते चोरून देशात येऊ लागले आणि बंद दाराआड वाचले जाऊ लागले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझाल मायदेशी परतले. जर्मनीहून आलेला म्हणून गावकरी त्यांना ‘जर्मन डॉक्टर’ म्हणू लागले. लांबलांबचे रुग्ण कालाम्बाला येऊ लागले. पण पाद्र्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की गव्हर्नर जनरलने त्यांच्या सोबतीला एक तरुण लष्करी अधिकारी दिला. पहारा म्हणा की संरक्षण, दोन्ही एकच! होसे तावियेल दे आंद्रादे हे त्याचे नाव. दोघेही कलेचे भोक्ते, वाचनाचे वेडे. थोड्याच दिवसांत त्यांची दाट मैत्री जमली. या मैत्रीचा धागा पुढे एका भलत्याच ठिकाणी पुन्हा हाती लागणार होता.

अखेर घरच्यांच्या सुरक्षेसाठी १८८८ च्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. ज्या लिओनोर रिव्हेरावर त्यांचे मनापासून प्रेम होते, तिची साधी भेटही झाली नव्हती. तिच्या आईने दोघांची पत्रे मधल्यामध्ये दडवली. पत्र येत नाही म्हणजे तो आपल्याला विसरला, अशी समजूत झालेल्या लिओनोरने एका इंग्रज अभियंत्याशी लग्न केले. लग्नानंतर अवघ्या दोनतीन वर्षांत तिचा मृत्यू झाला.

लंडनहून आलेले पत्र

१८८८ च्या डिसेंबरमध्ये मालोलोस गावातल्या सुमारे वीस तरुणींनी गव्हर्नर जनरलकडे एक अर्ज केला. स्पॅनिश भाषा शिकण्यासाठी आम्हाला रात्रीची शाळा काढू द्या, अशी त्यांची विनंती. गावच्या पाद्र्याने विरोध केला, पण मुली मागे हटल्या नाहीत. ही बातमी लंडनमध्ये रिझाल यांच्या कानी गेली. तेव्हा ते ब्रिटिश म्युझियममध्ये बसून आपल्या देशाचा जुना इतिहास धुंडाळत होते. १८८९ च्या फेब्रुवारीत त्यांनी या तरुणींना आपल्या मातृभाषेत, तागालोगमध्ये, एक दीर्घ पत्र लिहिले.

पाद्री सांगेल ते निमूटपणे ऐकणे म्हणजे धर्म नव्हे. जी आई स्वतः विचार करत नाही, ती मुलांना गुलामच बनवते. देश मोकळा व्हायचा असेल तर सुरुवात आईपासून झाली पाहिजे. या पत्राचे सार हे असे. शंभराहून अधिक वर्षांनंतरही फिलिपाईन्समध्ये ते अभ्यासले जाते.

पुढे १८९१ मध्ये बेल्जियममधल्या घेंट शहरी त्यांची दुसरी कादंबरी, ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ प्रसिद्ध झाली. गळफास दिलेल्या त्या तीन धर्मगुरूंना त्यांनी ती अर्पण केली.

मुलाच्या लेखणीची शिक्षा घराला

तिकडे कालाम्बात भयंकर घडत होते. मठाने वाढवलेल्या खंडाविरुद्ध कुळांनी आवाज उठवला होता आणि रिझाल कुटुंब त्यांच्या पुढे होते. एका मेव्हण्याचा कॉलऱ्याने मृत्यू झाला, तर त्याला चर्चच्या दफनभूमीत जागा नाकारण्यात आली. न्यायालयाचा निकाल मठाच्या बाजूने लागला. गव्हर्नर जनरल व्हॅलेरियानो वेलर याने सैनिक धाडले. कुळांची घरे पाडली गेली, कुटुंबे उघड्यावर आली. रिझाल यांच्या वृद्ध आईवडिलांनाही घर सोडावे लागले. पासियानो आणि मेव्हण्यांना हद्दपार करण्यात आले.

१८९१ च्या अखेरीस हे विखुरलेले कुटुंब हाँगकाँगमध्ये एकत्र आले. रिझाल यांनी तिथे दवाखाना काढला. जिच्यासाठी ही विद्या शिकली, त्या आईच्या डोळ्यांवर त्यांनी इथे स्वतः शस्त्रक्रिया केली. तेओदोरांना दिसू लागले. दवाखाना उत्तम चालत होता. आईवडील, भाऊ, बहिणी जवळ होत्या. इथेच राहिले असते तर होसे रिझाल एक यशस्वी डॉक्टर म्हणून सुखाने म्हातारे झाले असते.

पण गावाकडची कुळे अजून भोगत होती, नातलगांवरचा रोष संपला नव्हता. सरकारचा राग माझ्यावर आहे ना, मग मीच परत जातो, म्हणजे बाकीचे सुटतील, असे त्यांनी ठरवले. २० जून १८९२ रोजी त्यांनी दोन पत्रे लिहिली. एक कुटुंबासाठी, एक देशबांधवांसाठी. ती मोहोरबंद करून एका पोर्तुगीज डॉक्टर मित्राच्या स्वाधीन केली. माझ्या मृत्यूनंतरच उघडायची, अशी सूचना होती. दुसऱ्याच दिवशी ते मनिलाच्या बोटीत बसले.

३ जुलै रोजी त्यांनी ‘ला लिगा फिलिपिना’ ही संस्था स्थापन केली. एकमेकांना मदत, शिक्षण, शेती, व्यापार आणि शांततेच्या मार्गाने सुधारणा, हे तिचे उद्देश. तीनच दिवसांत त्यांना अटक झाली. बहिणीच्या सामानात पाद्र्यांविरुद्धची पत्रके सापडल्याचे निमित्त सांगण्यात आले. त्यांना दूर दक्षिणेला, मिंडानाओ बेटावरच्या दापितान गावी धाडण्यात आले.

हद्दपारीतला गावकरी

दापितानमधली चार वर्षे वाचताना वाटते, हा माणूस शिक्षा भोगत होता की गाव वसवत होता? तिथे पोचल्यावर काही आठवड्यांतच त्यांना सरकारी लॉटरीत ६,००० पेसोंहून अधिक रक्कम मिळाली. समुद्रकाठी जमीन घेऊन त्यांनी घर बांधले. मुलांसाठी शाळा काढली. फी नव्हती, त्याऐवजी मुले शेतात काम करत. बांबूचे नळ आणि टाकाऊ कौले वापरून गावात पाणी आणले. रस्त्यांवर दिवे लावले. चर्चसमोरच्या चौकात मिंडानाओ बेटाचा मातीचा उठावाचा नकाशा तयार केला, तो आजही तिथे आहे. रानातून सरडे, बेडूक, किडे गोळा करून युरोपातल्या संशोधकांना पाठवले. त्यातल्या काही जातींना त्यांचेच नाव मिळाले.

आईही काही काळ तिथे येऊन राहिली. डोळ्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ती नीट पार पडली, पण मुलाने बजावूनही आईने डोळ्यावरची पट्टी काढून टाकली आणि जखम चिघळली! घरच्या माणसांवर डॉक्टरने स्वतः का उपचार करू नयेत हे आता समजले, अशा आशयाचे त्यांनी मेव्हण्याला लिहिले. सुदैवाने जखम भरून आली.

१८९५ मध्ये एका अंध गृहस्थाला घेऊन जोसेफिन ब्रॅकन ही आयरिश वंशाची तरुणी हाँगकाँगहून आली. त्या गृहस्थांची दृष्टी परत येण्यासारखी नव्हती. जोसेफिन मात्र दापितानमध्येच राहिली. रिझाल यांनी आपली मते मागे घेतल्याशिवाय चर्च लग्न लावायला तयार नव्हते. दोघे लग्नाविना एकत्र राहू लागले. त्यांना मुलगा झाला, पण अपुऱ्या दिवसांचा तो जीव काही तासांतच गेला.

एकीकडे बंड, दुसरीकडे खटला

रिझाल यांच्या हद्दपारीची बातमी फुटताच मनिलात एका सामान्य घरातल्या तरुणाने वेगळी वाट धरली. आंद्रेस बोनिफासिओ हे त्याचे नाव. ७ जुलै १८९२ रोजी त्याने आणि त्याच्या साथीदारांनी ‘कातिपुनान’ ही गुप्त संघटना स्थापन केली. तिचे सभासद रिझाल यांचे नाव मंत्रासारखे घेत, पण खुद्द रिझाल यांना मात्र त्याची कल्पना नव्हती.

१८९६ च्या जूनमध्ये बोनिफासिओने डॉ. पिओ व्हालेन्सुएला यांना दापितानला पाठवले. संशय येऊ नये म्हणून बरोबर एक अंध माणूस घेतला होता. उठावाचा बेत ऐकून रिझाल यांनी विरोध केला. लोकांजवळ शस्त्रे नाहीत, तयारी नाही. रक्त मात्र गरिबांचेच सांडेल, अशी त्यांची भूमिका होती.

तेवढ्यात त्यांनी पूर्वी केलेला एक अर्ज मंजूर झाला. क्युबात साथीच्या रोगांनी आजारी पडलेल्या सैनिकांवर उपचार करायला ते स्पेनमार्गे निघाले. याच काळात, ऑगस्टमध्ये, मनिलाच्या परिसरात बंडाचा वणवा पेटला. वाटेतच रिझाल यांना अटक झाली. बार्सिलोनाच्या तुरुंगातून त्यांना त्याच पावली परत आणून फोर्ट सांतियागो किल्ल्यात डांबण्यात आले.

पासियानोलाही पकडले होते. धाकट्या भावाविरुद्धच्या जबाबावर सही करावी म्हणून त्याचे अनन्वित हाल करण्यात आले. त्याने सही केली नाही.

वकील म्हणून लष्करी अधिकाऱ्यांची यादी रिझाल यांच्यासमोर ठेवली गेली. त्यांनी तावियेल दे आंद्रादे या नावावर बोट ठेवले. कालाम्बाच्या त्या मित्राचा हा भाऊ निघाला! त्याने जिवापाड प्रयत्न केले. पण निकाल जणू आधीच लिहिलेला होता. १५ डिसेंबरला रिझाल यांनी बंडाचा निषेध करणारे निवेदन लिहून दिले होते. सुधारणांसाठी आधी लोकांनी शिक्षणाने लायक व्हावे, असे त्यात होते. सरकारने ते छापलेच नाही. त्यात बंडाला विरोध होता, पण स्पेनपुढे लोटांगण नव्हते! २६ डिसेंबरला लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला.

अखेरची भेट

२९ डिसेंबरला वृद्ध तेओदोरा मुलाला भेटायला आल्या. भेट थोडक्या वेळाची आणि पहाऱ्यातली होती. जवळ घेऊ दिले गेले नाही. ज्या डोळ्यांना मुलाने दृष्टी परत दिली होती, त्याच डोळ्यांनी आईला हे पाहावे लागले.

धाकटी बहीण त्रिनिदाद हिला रिझाल यांनी आपला स्पिरिटचा छोटा स्टोव्ह दिला आणि आत काहीतरी आहे, असे इंग्रजीत हळूच सांगितले. पहारेकऱ्यांना इंग्रजी कळत नव्हते. घरी स्टोव्ह उघडल्यावर आतून घडी केलेला एक कागद निघाला. त्यावर बारीक अक्षरात, शीर्षक नसलेली चौदा कडव्यांची कविता होती. देशाचा निरोप घेणारी ही कविता पुढे ‘मी उल्तिमो अदिओस’, म्हणजे ‘माझा अखेरचा निरोप’, या नावाने जगभर पोचली.

३० डिसेंबर १८९६. सकाळी काळा सूट घातलेल्या रिझाल यांना किल्ल्यापासून बागुम्बायनच्या मैदानापर्यंत चालवत नेण्यात आले. लहानपणी आईला नेले होते, तसेच. देशद्रोह्याला पाठीत गोळ्या घालायची प्रथा होती. मला समोरून मारा, ही त्यांची विनंती फेटाळली गेली. लष्करी डॉक्टरने नाडी पाहिली, ती नेहमीसारखी चालत होती. बंदुका धरलेले सैनिक फिलिपिनो होते आणि ते कचरले तर गोळ्या घालायला त्यांच्या मागे स्पॅनिश सैनिक उभे होते. गोळ्या सुटताच रिझाल यांनी सारी शक्ती एकवटून शरीराला पीळ दिला आणि ते आकाशाकडे तोंड करून पडले. वय अवघे पस्तीस!

मृत्यूपूर्वी त्यांनी आपली मते मागे घेतली का, त्या पहाटे जोसेफिनशी त्यांचा विवाह लागला का, याबद्दल इतिहासकारांत अजूनही एकमत नाही.

मेल्यानंतरचे भय

सरकारने प्रेत कुटुंबाला दिले नाही. बहीण नार्सिसा दिवसभर एकेक दफनभूमी पालथी घालत फिरली. पाको येथे नुकतीच उकरलेली माती आणि जवळ पहारा दिसला, तेव्हा तिने ओळखले. भावाच्या नावाची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लिहून तिने कबरीवर खूण करवून घेतली. दीड वर्षाने, १८९८ च्या ऑगस्टमध्ये, स्पेनची सत्ता मनिलातून गेली, तेव्हा कबर उघडली गेली. प्रेताला शवपेटीसुद्धा दिली नव्हती.

एका मवाळ माणसाला मारून स्पेनने तडजोडीची वाट स्वतःच बंद केली. ज्यांना सुधारणांची आशा होती, त्यांचीही आशा संपली. जोसेफिन बंडखोरांच्या छावणीत गेली. पासियानो क्रांतिसेनेत शिरला आणि सेनापती झाला. १२ जून १८९८ रोजी फिलिपाईन्सने स्वातंत्र्य घोषित केले. पण स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन हा देश अमेरिकेच्या हवाली केला. खरे स्वातंत्र्य यायला ४ जुलै १९४६ उजाडावे लागले.

राष्ट्रपुरुष खरा कोण, रिझाल की बोनिफासिओ? हा वाद तिथे अजून रंगतो. मवाळ रिझाल अमेरिकी राज्यकर्त्यांना सोयीचे होते, म्हणून त्यांचा उदोउदो झाला, असे इतिहासकार रेनातो कॉन्स्टँटिनो यांनी म्हटले आहे. बोनिफासिओला तर १८९७ मध्ये क्रांतिकारकांच्याच दुसऱ्या गटाने ठार केले. त्या आक्षेपात तथ्य असेलही. पण रिझाल यांचे नाव अमेरिकी बोटी येण्याआधीच लोकांच्या ओठांवर होते, हेही तितकेच खरे. १९५६ च्या कायद्याने तिथल्या शाळा-महाविद्यालयांत त्यांचे जीवन आणि दोन्ही कादंबऱ्या शिकवणे सक्तीचे झाले. आपल्या राजधानी दिल्लीतही एका रस्त्याला त्यांचे नाव आहे.

कबरीतून काढलेल्या अस्थी स्वच्छ करून एका कलशात ठेवण्यात आल्या. पुढची चौदा वर्षे तो कलश कुटुंबाच्या घरीच होता. ३० डिसेंबर १९१२ रोजी मोठ्या मिरवणुकीने त्या अस्थी बागुम्बायनच्या मैदानावर नेण्यात आल्या आणि आज जिथे स्मारक उभे आहे तिथे ठेवल्या गेल्या. तो सोहळा पाहायला तेओदोरा नव्हत्या. आदल्याच वर्षी, १९११ मध्ये, त्या गेल्या होत्या. देशाने आपल्या वीराला मैदानात नेले ते नंतर. आई होती तोवर मुलगा घरीच होता.